विश्लेषण : बाटल्यांचा क्रेट यंत्र रिकामा करते, मग गोंदियात धानाचे पोते हमालाच्याच पाठीवर का?

शीतपेयाच्या कारखान्यात चोवीस बाटल्यांचा क्रेट माणसाचा हात न लागता काही सेकंदांत रिकामा होतो. गोंदियाच्या राईस मिलमध्ये मात्र धानाचे प्रत्येक पोते आजही हमालाच्या पाठीवरून उतरते. यामागे केवळ पैशांची अडचण नाही. पोत्याचा आकार, बारदान्याची किंमत, सरकारी हिशेबाची पद्धत आणि हमालांच्या रोजीरोटीचा प्रश्न, अशा चार गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा धानाचे कोठार म्हणून ओळखला जातो. खरीप आणि उन्हाळी अशा दोन्ही हंगामांत येथे आधारभूत किमतीने धान खरेदी होते. पणन महासंघ आणि आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रांवर घेतलेला धान भरडाईसाठी राईस मिलमध्ये जातो आणि तांदूळ होऊन सरकारी गोदामांत परततो. खरेदी सुरू झाली की दरवर्षी त्याच तक्रारी पुन्हा ऐकू येतात : बारदाना नाही, हमाल मिळत नाहीत, उचल होत नाही, उघड्यावरचा धान पावसात भिजला. त्यातूनच ‘हे काम यंत्राने का होत नाही?’ हा प्रश्न पुढे येतो.

क्रेट रिकामा करणारे यंत्र कसे चालते?

परत येणाऱ्या काचेच्या बाटल्यांवर चालणाऱ्या कारखान्यात पहिले काम असते ते क्रेटमधून बाटल्या बाहेर काढण्याचे. क्रेट सरकत्या पट्ट्यावरून येतो आणि ठरलेल्या जागी थांबतो. वरच्या चौकटीला क्रेटमधील प्रत्येक बाटलीसाठी एकेक पकड बसवलेली असते. तिचा आकार उलट्या पेल्यासारखा असून आतून रबर असते. चौकट खाली आली की बाटलीचा गळा पकडीत शिरतो, हवेच्या दाबाने रबर फुगते आणि गळा घट्ट धरला जातो. मग चोवीसच्या चोवीस बाटल्या एकदम उचलल्या जाऊन शेजारच्या पट्ट्यावर ठेवल्या जातात. हवा सोडली की पकड सुटते. बाटल्या पुढे धुण्याच्या यंत्राकडे जातात, तर रिकामा क्रेट वेगळ्या वाटेने स्वच्छतेसाठी जातो.

नव्या बाटल्या पॅलेटवर थरांनी रचून येतात. तेथे यंत्र एकेक बाटली उचलत नाही, संपूर्ण थर सरकवून पट्ट्यावर घेते. पुठ्ठ्याच्या खोक्यातून माल आला तर आधी खोक्याची झाकणे उघडावी लागतात. प्रत्येक प्रकारात ताशी हजारो बाटल्या हाताळता येतात.

या वेगाचे रहस्य यंत्रात जितके आहे, तितकेच क्रेटमध्ये आहे. चार ओळींत सहा-सहा बाटल्या, प्रत्येकीची उंची सारखी, दोन गळ्यांमधील अंतर सारखे, क्रेटची लांबी-रुंदी ठरलेली. यंत्राला शोधाशोध करावी लागत नाही. एखादी बाटली आडवी पडली किंवा वेगळ्या उंचीची आली, तर हेच यंत्र अडखळते. म्हणून कारखान्याने यंत्र आणण्याआधी बाटली आणि क्रेट एकाच मापाचे केलेले असतात.

हीच युक्ती पोत्याला का लागू पडत नाही?

पोत्याला गळा नसतो आणि ठरलेला आकारही नसतो. तागाचे पोते भरल्यावर कुठे फुगते, कुठे चेपते. ट्रकमध्ये खालच्या थरातील पोती वरच्यांच्या भाराने चपटी होतात आणि एकमेकांत रुतून बसतात. सुतळीची शिलाई कधी सैल असते, कधी टोक लोंबत असते. जुना बारदाना उसवलेला असतो. पकड थोडी चुकली तरी पोते फाटते आणि धान सांडतो. अनुभवी हमाल पोत्याचा कान नेमका कुठे धरायचा हे एका नजरेत ओळखतो. यंत्राला तेच काम फार अवघड जाते.

पोती हाताळणारे यंत्रमानव जगात नाहीत असे नाही. सिमेंट, खत आणि साखर उद्योगांत ते पोत्यांच्या थप्प्या लावतात. पण तेथे नुकतेच भरलेले, सारख्या वजनाचे पोते पट्ट्यावरून एकामागून एक येते. म्हणजे थप्पी लावणे यंत्राला सोपे जाते. कशाही भरलेल्या ट्रकमधून पोती उतरवणे कठीण जाते. राईस मिललाही हाच नियम लागू पडतो. तांदूळ भरून बाहेर पडणारे ५० किलोंचे पोते यंत्राच्या हाती देणे तुलनेने सोपे आहे. खरेदी केंद्रावरून येणारे धानाचे पोते अवघड आहे.

पोते ट्रकवरून उतरले तरी ते फोडावे लागते. पोते पात्याने चिरून आतील माल खाली पाडणारी यंत्रे बाजारात आहेत. मात्र चिरलेले पोते पुन्हा वापरता येत नाही, आणि धान पट्ट्यात बारदान्याला स्वतंत्र किंमत आहे. एकदा वापरलेला बारदानाही पुढील खरेदीत लागतो. त्यामुळे मिलमध्ये सुतळी हाताने सोडून पोते अलगद रिकामे केले जाते. यंत्राने वाचवलेली मजुरी फाटलेल्या बारदान्यात जाणार असेल, तर मिलमालक ते यंत्र घेणार नाही.

एका पोत्याला किती वेळा हात लागतो?

खरेदी केंद्रावर पोत्यात ४० किलो धान भरला जातो. शेतकऱ्याने १०० क्विंटल धान आणला तर त्याची २५० पोती होतात. वजन आणि शिलाई झाल्यावर पोते थप्पीला लागते, ही पहिली उचल. भरडाईचा आदेश निघाल्यावर ते ट्रकमध्ये चढते, ही दुसरी. मिलमध्ये उतरते, ही तिसरी. थप्पीवरून धानाच्या हौदापर्यंत जाते, ही चौथी.

सरकारी भरडाईत एक क्विंटल धानामागे ६७ किलो कच्चा तांदूळ द्यावा लागतो. म्हणजे १०० क्विंटल धानाचा ६७ क्विंटल तांदूळ होतो आणि ५० किलोंच्या हिशेबाने त्याची १३४ पोती भरतात. ती ट्रकमध्ये चढतात, गोदामात उतरतात, पुन्हा वाहनात चढतात आणि रेशन दुकानात उतरतात. या आणखी चार उचली झाल्या.

गणित मांडले तर धानाच्या १,००० आणि तांदळाच्या ५३६ अशा एकूण १,५३६ उचली होतात. वजनाच्या भाषेत धानाचे ४० टन आणि तांदळाचे सुमारे २७ टन. म्हणजे १० टन धान ग्राहकाच्या ताटापर्यंत पोहोचवण्यासाठी माणसे जवळपास ६७ टन ओझे उचलतात. हा हिशेब किमान आहे. थप्पी बदलणे, पावसामुळे माल हलवणे, वजन पुन्हा तपासणे हे त्यात धरलेले नाही.

मिलच्या आत यंत्रे आहेत, मग दारात का नाहीत?

धान एकदा हौदात पडला की पुढचा प्रवास जवळजवळ पूर्ण यंत्राचा असतो. बादल्यांचे उभे उद्वाहक धान वर नेतात. चाळणी काडीकचरा काढते, खडे वेगळे होतात, रबरी रोल टरफल सोलतात, पॉलिशर कोंडा काढतो, तुकडा वेगळा होतो आणि सॉर्टेक्समध्ये प्रकाशकिरण व हवेच्या झोताने काळा दाणाही बाजूला उडवला जातो. एकेका दाण्याचा रंग पाहणारे यंत्र ज्या मिलमध्ये आहे, त्याच मिलच्या दारात माणूस पाठीवर पोते घेऊन चालतो.

यात विसंगती दिसते, पण कारण साधे आहे. मिलच्या आत धान सुटा असतो. सुटे धान्य पाण्यासारखे वाहते. ते उचलता येते, ओतता येते, मोजता येते. पोत्यात शिरले की ते पुन्हा वस्तू बनते आणि प्रत्येक वस्तू वेगळी उचलावी लागते.

विशेष म्हणजे शेताकडूनही धान बहुतेकदा सुटाच निघतो. हार्वेस्टरने कापलेला धान थेट ट्रॉलीत पडतो आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या हायड्रॉलिकने उलटता येतात. म्हणजे शेतात सुटा, मिलमध्ये सुटा, मधल्या टप्प्यात मात्र पोत्यात. यंत्र अडते ते याच मधल्या टप्प्यावर.

मग पोते लागतेच कशाला?

कारण सरकारी खरेदीत पोते हे केवळ वेष्टन नाही, ते हिशेबाचे एकक आहे. २०२५-२६ हंगामासाठी साधारण धानाची आधारभूत किंमत प्रतिक्विंटल २,३६९ रुपये आहे. त्यानुसार ४० किलोंच्या एका पोत्यात सुमारे ९४८ रुपयांचा धान असतो. केंद्राच्या नोंदवहीत, भरडाईच्या आदेशात, ट्रकच्या पावतीत आणि गोदामाच्या थप्पीपत्रकावर आकडा असतो तो पोत्यांचा. अधिकारी तपासणीला आला तर थप्पी मोजून साठा पडताळतो. सुटा धान असेल तर प्रत्येक ठिकाणी मोठा वजनकाटा आणि त्याची विश्वासार्ह नोंद लागेल.

दुसरे कारण प्रतीचे. कोणत्या केंद्राचा माल ओला होता, कोणत्या लॉटमध्ये तुकडा जास्त निघाला, हे पोती वेगळी असली तर सांगता येते. सगळा धान एका टाकीत मिसळला की जबाबदारीही मिसळते.

तिसरे कारण कायद्याचे. ताग वेष्टन सामग्रीचा सक्तीचा वापर करण्याबाबतचा कायदा १९८७ चा आहे. त्याखाली अन्नधान्य भरण्यासाठी तागाच्या पोत्यांचा वापर राखून ठेवला जातो. यामागे पूर्व भारतातील ताग उत्पादक शेतकरी आणि ताग गिरण्यांतील कामगार यांचे हित आहे. गोंदियाच्या केंद्रावर बारदाना उशिरा पोहोचला तर खरेदी थांबते. पण पोतीच कमी लागू लागली तर बंगालमधील गिरणीवर परिणाम होतो. म्हणून हा निर्णय जिल्ह्यापुरता राहत नाही.

पोत्याविना साठवण शक्य आहे का?

गव्हाच्या बाबतीत भारतात हे झाले आहे. पंजाबमधील मोगा आणि हरियाणातील कैथल येथे भारतीय अन्न महामंडळासाठी उंच पोलादी सायलो उभारले गेले. मोगा येथील क्षमता दोन लाख टन आहे. शेतकरी सुटा गहू आणतो, वाहन हायड्रॉलिक फलाटावर तिरपे केले जाते आणि गहू खाली ओतला जातो. पुढे खास वॅगनमधून तो सुटाच दूरच्या सायलोंपर्यंत जातो. कैथलशी जोडलेल्या साखळीत नवी मुंबईचाही समावेश आहे. अन्न महामंडळाच्या पुनर्रचनेसाठी नेमलेल्या शांता कुमार समितीनेही जानेवारी २०१५ मधील अहवालात आधुनिक सायलो आणि यांत्रिक हाताळणीवर भर दिला होता.

धान-तांदळाचे गणित वेगळे आहे. खरेदीत १७ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. एवढा ओला धान मोठ्या टाकीत महिनोन्‌महिने ठेवला तर तो तापतो, पिवळा पडतो, बुरशी धरतो. आधी ड्रायरने ओलावा १४ टक्क्यांच्या आसपास किंवा खाली आणावा लागतो. पॉलिश केलेला तांदूळ गव्हापेक्षा नाजूक. उंचावरून पडताना त्याचा तुकडा होतो आणि हवामानाचा फटकाही लवकर बसतो. म्हणूनच बिहारमधील कैमूर व बक्सर येथे तांदळाच्या सायलोचा प्रयोग गव्हाच्या तुलनेत लहान प्रमाणात हाती घेतला गेला.

गोंदियात आणखी एक अडचण आहे. येथील अनेक मिल लहान-मध्यम आहेत. सरकारी भरडाईचे काम वर्षभर सारखे नसते, आणि भरडाईच्या दरावरून मिलमालक व शासन यांच्यात वारंवार ताण निर्माण होतो. केंद्र सरकारच्या मूळ दरात खर्च भागत नाही, राज्याने जादा रक्कम वाढवून द्यावी, अशी मिलमालकांची मागणी असते. दर आणि उचल यांची खात्री नसताना महागड्या यंत्रासाठी कर्ज काढण्यास कोणी सहज तयार होत नाही.

यंत्र आले तर हमालांचे काय?

हमालाला मजुरी बहुधा पोत्यामागे मिळते. पोते नाही तर मजुरी नाही. हंगामातील हे काही महिने अनेक भूमिहीन आणि अल्पभूधारक कुटुंबांचा मोठा आधार असतात. मिलमध्ये सांडलेला धान गोळा करणाऱ्या, झाडलोट करणाऱ्या आणि बारदाना शिवणाऱ्या महिलांचे कामही याच पोत्यांवर चालते. सुटा धान आला तर त्यांचे काम सर्वांत आधी जाईल, आणि बहुधा त्याची नोंदही कुठे होणार नाही.

दुसरीकडे, या कामाची किंमत शरीर चुकवते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्ये केलेल्या शिफारशीत प्रौढ पुरुष कामगाराने हाताने वाहायच्या ओझ्याची कमाल मर्यादा ५५ किलो सुचवली होती. भारतात शंभर किलोंची पोती पाठीवरून वाहिली जात होती. पोत्याचे वजन कमी करा, ही डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखालील हमाल चळवळीची प्रमुख मागणी राहिली. आज धानाचे पोते ४० आणि तांदळाचे ५० किलोंचे असले तरी दिवसाला शेकडो उचली, फळीवरून चढून उंच थप्पी लावणे आणि कोंड्याची धूळ हे कायम आहे. कंबर आणि गुडघे गेल्यावर या माणसाकडे दुसरे कौशल्य दाखवण्यासारखे काही नसते.

महाराष्ट्राने यासाठीच १९६९ मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा केला. कामगार आणि मालक या दोघांची मंडळाकडे नोंदणी, मजुरी मंडळामार्फत आणि मजुरीवर लेव्ही आकारून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, बोनस, रजा अशी त्याची रचना आहे. ज्याचा मालक रोज बदलतो अशा कामगारालाही सामाजिक सुरक्षा देता येते, हे या कायद्याने दाखवले. पण लाभ नोंदणी झालेल्यालाच मिळतो. मुकादमाच्या टोळीत हंगामापुरते काम करणारा हमाल बहुतेकदा या चौकटीच्या बाहेरच राहतो. त्यातच २०२३ च्या दुरुस्ती विधेयकापासून कायद्याच्या व्याप्तीवर वाद सुरू झाला. यंत्राच्या मदतीने होणारे काम माथाडी काम मानायचे का, हा त्यातील कळीचा मुद्दा. पोत्यांचा पट्टा चालवणारा हमाल उद्या ‘माथाडी’ उरणार की नाही, याचे उत्तर या व्याख्येवर ठरेल.

इतरत्र हा तिढा कसा सुटला?

१९५० च्या दशकात अमेरिकेत जहाजांवरील पेट्या, पोती आणि पिंपे यांची जागा एकाच मापाच्या पोलादी कंटेनरने घेण्यास सुरुवात झाली. बाटलीच्या क्रेटचाच हा अवाढव्य अवतार : आधी माप एक केले, मग यंत्र आले. गोदी कामगारांचे काम झपाट्याने घटणार हे उघड होते. पश्चिम किनाऱ्यावरील कामगार संघटनेने १९६० मध्ये मालकांशी करार केला. यंत्रांना विरोध सोडायचा, त्या बदल्यात मालकांनी दरवर्षी ५० लाख डॉलर निधीत भरायचे. त्यातून जुन्या कामगारांना लवकर निवृत्ती आणि किमान उत्पन्नाची हमी देण्यात आली.

हा करार निर्दोष नव्हता. नोंदणीकृत जुने कामगार सुरक्षित झाले. नव्या आणि हंगामी कामगारांना फारसे मिळाले नाही. तरी त्यातून दोन गोष्टी दिसतात. यंत्रामुळे होणाऱ्या बचतीतील वाटा कामगारांना देता येतो, आणि तो यंत्र येण्याआधीच ठरवावा लागतो. काम गेल्यानंतर वाटाघाटीसाठी हाती काही उरत नाही.

गोंदियात आधी काय होऊ शकते?

ट्रकमधून पोती उतरवणारा यंत्रमानव हा गोंदियासाठी नजीकचा पर्याय नाही. त्याआधीचे काही टप्पे मात्र आवाक्यातील आहेत. पहिला, थप्पी आणि ट्रक यांमध्ये फिरता पट्टा. त्याने पोते उचलण्याचे काम संपत नाही, पण फळीवरून चढण्याचा सर्वांत घातक भाग वाचतो आणि टोळीचे कामही टिकते. दुसरा, गोदामांत पॅलेट आणि हातगाडी. तिसरा, मोठ्या केंद्रांवर जमिनीच्या पातळीवरील हौद, ड्रायर आणि वाहनासकट वजन करणारा काटा, जेणेकरून ट्रॉलीतील धान पोत्यात न भरता थेट घेता येईल. हे करायचे तर हिशेबाचे एकक पोत्याऐवजी किलो करावे लागेल. तो बदल लोखंडी यंत्रापेक्षा कागदावरच अधिक आहे, आणि शासनाच्या हातात आहे.

चौथा टप्पा हमालांच्या नोंदणीचा. कोणत्या केंद्रावर आणि कोणत्या मिलमध्ये किती माणसे किती दिवस ओझे वाहतात, याची यादी नसेल तर उद्या भरपाई, निधी किंवा प्रशिक्षण कोणाला द्यायचे हेच ठरणार नाही. प्रतिक्विंटल हमालीचा खर्च आजही खरेदीच्या हिशेबात धरला जातो. यंत्राने त्यात बचत झाली तर तिचा ठरावीक भाग कामगारांच्या निधीत वळवणे हिशेबाच्या दृष्टीने अवघड नाही. पट्टा, काटा आणि ड्रायर चालवण्याचे प्रशिक्षण त्याच टोळ्यांतील तरुणांना देता येईल.

तोपर्यंत सर्वांत स्वस्त सुधारणा एकच आहे : ४० किलोंच्या पोत्यात ४० किलोच भरणे. जादा धान भरला तर नुकसान शेतकऱ्याचे होते आणि भार हमालाच्या पाठीवर पडतो. त्यासाठी कोणतेही नवे यंत्र लागत नाही, केंद्रावरील काटा बरोबर असला की पुरते.